धनुर्वाताचं इंजेक्शन: मोठ्या माणसांनी नक्की कधी घ्यायचं?

गवतफूल:

गेल्या आठवड्यात बागेत माती सारखी करताना दाताळ्याचा दात तळपायात घुसला. रक्त जेमतेम दोन थेंब आलं, पण दात चांगला बोटाच्या पेराएवढा आत गेला होता. पाय नळाखाली धरून साबणाने धुतला आणि घरात वाद सुरू झाला. नवरा म्हणाला, दोन वर्षांपूर्वी हात कापला तेव्हा घेतलं होतंस, आता गरज नाही. सासूबाई म्हणाल्या, त्याचा असर सहा महिनेच राहतो. बहिणीने फोनवर सांगितलं, दहा वर्षं. शेवटी दवाखान्यात गेले. तिथे कुणी काही विचारलं नाही, सरळ इंजेक्शन दिलं.

घेतलं ते घेतलं. पण मुलांच्या लसींची कार्डं मी इतकी जपून ठेवलीत आणि माझी स्वतःची एकही नोंद नाही, हे तेव्हा लक्षात आलं. माझं वय ४६. खरी काळजी मात्र आईची आहे. ती ७४ वर्षांची आहे. लहानपणी कसलीच लस घेतली नव्हती असं सांगते. आम्हा दोघी बहिणींच्या वेळी गरोदरपणात काही टोचलं होतं का, तेही तिला आठवत नाही. तिला काही लागलेलं नसताना नेऊन लस द्यावी का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवाटा:

माझाही सहा महिन्यांचाच हिशेब आहे. लोखंडी जाळ्या आणि दरवाजे बनवायचं काम करतो, खरचटणं रोजचंच. गेल्या आठ-नऊ वर्षांत बारा-तेरा इंजेक्शनं तरी झाली असतील. मागच्या वेळी मात्र खांद्यापासून कोपरापर्यंत दंड सुजला, लालबुंद झाला, दोन दिवस हात वर होईना. टोचताना काही चुकलं असेल असं धरून सोडून दिलं. गंजलेल्या वस्तूने लागलं की घ्यायचंच, हे लहानपणापासून डोक्यात बसलंय.

ऋतुगंध:

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

पाणकणीस:

मी फॅमिली डॉक्टर आहे. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

गवतफूल, तुमच्या घरात तिघांनीही ‘शेवटचं कधी घेतलं’ एवढंच मोजलं. तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की आजवर एकूण किती घेतली?

ही लस म्हणजे धनुर्वाताच्या जंतूचं विष, फॉर्मलिनने निरुपद्रवी केलेलं. त्या विषाची शरीराला नीट ओळख पटायला किमान तीन डोस लागतात. पहिल्या डोसाने जवळपास काहीच संरक्षण मिळत नाही, दुसऱ्याने मिळतं पण ते फार टिकत नाही, तिसऱ्यानंतर मात्र वर्षानुवर्षं टिकतं. हा पाया एकदा पक्का असला की पुढचा प्रत्येक डोस फक्त उजळणीचा. म्हणून त्याला बूस्टर म्हणायचं. पाया नसेल, तर कितीही वेळा ‘लागलं म्हणून एक’ घेतलं तरी त्यातलं पहिलं इंजेक्शन बूस्टर नसतंच.

ज्यांचे तीन किंवा जास्त डोस नक्की झालेत त्यांच्यासाठी जखमेच्या वेळचा, अनेक देशांत वापरला जाणारा नियम सोपा आहे. जखम लहान आणि स्वच्छ असेल तर शेवटच्या डोसाला दहा वर्षं झाली असतील तरच नवा डोस. जखम खोल, चिरडलेली, भाजलेली, किंवा माती, शेण, लाळ लागलेली असेल तर पाच वर्षं झाली असतील तर. सहा महिन्यांचा नियम कुठल्याच शास्त्रीय शिफारशीत नाही.

तुमची जखम खोल आणि मातीची होती, पण डोसाला दोनच वर्षं झाली होती. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर या वेळी गरज नव्हती. घेतल्याने नुकसानही झालेलं नाही. जखम तुम्ही लगेच धुतलीत, ते फार चांगलं केलंत. आत मातीचा कण किंवा काडी राहिली असेल तर ती काढणं लसीइतकंच महत्त्वाचं असतं.

तुम्हाला काही न विचारता इंजेक्शन दिलं, त्याबद्दल आमच्या पेशाच्या वतीने वाईट वाटतं. बाहेर रांग असते, रुग्णाकडे नोंद नसते, मग देऊन टाकणं सोपं पडतं. पण न विचारल्यामुळे दुसऱ्याच माणसांचं नुकसान होतं. ज्याचा पाया कच्चा आहे त्यालाही एकच डोस मिळतो, ‘चार आठवड्यांनी पुन्हा या’ असं कुणी सांगत नाही, आणि तो निर्धास्त होऊन घरी जातो.

रानवाटा, तुम्ही लिहिलेली सूज मात्र मला महत्त्वाची वाटते. टोचण्यात चूक झाली असेल असं वाटत नाही. वारंवार डोस घेतल्याने रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) आधीच भरपूर असतात. त्यात आणखी लस गेली की काही तासांत सगळा दंड सुजतो, याला आर्थस प्रतिक्रिया म्हणतात. ती खरोखर झाली असेल तर पुढची दहा वर्षं, जखम मातीची असली तरीही, हा डोस टाळायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा आणि कुठेतरी लिहून ठेवा.

आईंबद्दल उद्या लिहितो, त्याला वेळ द्यावा लागेल.

आडोसा:

गंजाबद्दल थोडं. गंजात धनुर्वात नसतो. या जंतूचे बीजाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या विष्ठेत असतात. ते वर्षानुवर्षं जगतात आणि साध्या उकळीलाही दाद देत नाहीत. बाहेर मातीत पडलेला खिळा गंजतो आणि त्याला मातीही लागते, म्हणून दोन्हींची सांगड बसली. खिळ्याची जखम अरुंद आणि खोल असते, आत हवा पोचत नाही, आणि या जंतूला वाढायला नेमकी तशीच जागा लागते. चकचकीत नवा खिळा मातीत पडलेला असेल तर धोका तेवढाच. गुलाबाचा काटा, लाकडाची फास, हेही आलंच.

रोगाचं आपल्याकडचं नाव मला नेहमी अचंबित करतं. पाठीचे स्नायू असे आखडतात की माणूस फक्त डोकं आणि टाचा टेकवून धनुष्यासारखा वाकतो. सुश्रुतसंहितेत याला धनुस्तंभ म्हटलंय. जंतू तर जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ मध्ये वेगळा काढला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि बेरिंग यांनी प्रतिविष दाखवून दिलं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना घोड्यांच्या रक्तातून काढलेलं हे प्रतिविष द्यायचे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत लस आली होती. अमेरिकी सैन्यात जखमी होऊन दाखल झालेल्या सत्तावीस लाखांहून जास्त माणसांत धनुर्वाताचे फक्त १२ रुग्ण निघाले. मोठ्या माणसांना आधीच लस दिली तर काय होतं याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

निळाई:

मी सहसा लिहीत नाही, पण गवतफूल यांनी आईबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

माझ्या बाबांना ६८ व्या वर्षी धनुर्वात झाला. जखम म्हणाल तर अंगठ्यात गेलेली लाकडाची फास. त्यांनी ती सुईने काढली आणि विसरून गेले. नवव्या-दहाव्या दिवशी जबडा दुखायला लागला, तोंड पूर्ण उघडेना. आम्हाला दाढेचं दुखणं वाटलं. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी पाणी गिळता येईना आणि मान ताठ झाली. चेहरा ओढला जाऊन ते हसतायत असं दिसत होतं. ते हसणं मला अजून दिसतं.

पाच आठवडे अतिदक्षता विभागात होते, त्यातले बरेच दिवस व्हेंटिलेटरवर. खोलीत अंधार, आम्ही दबक्या आवाजात बोलायचो, कारण दार आपटलं तरी झटका यायचा. आणि ते पूर्ण शुद्धीवर असायचे. सगळं कळत असतं या रोगात. वाचले. पण धरून चालायला तीन महिने लागले.

घरी सोडताना डॉक्टरांनी धनुर्वाताची लस दिली तेव्हा मी भांडले होते. म्हटलं, एवढं सगळं भोगून झालंय, आता लस कशाला? त्यांनी सांगितलं, हा रोग होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. विष इतकं जहाल असतं, की जिवावर बेतेल एवढी मात्राही शरीराला ओळख पटायला पुरत नाही. पुन्हा होऊ शकतो. बाबांचे तिन्ही डोस मी पूर्ण केले.

त्यांनीही लहानपणी लस घेतली नव्हती. गवतफूल, आईला घेऊन जा. काही लागायची वाट बघू नका.

टाचणी:

निळाई, वाचून हात थांबला. बाबांना नमस्कार सांगा.

पाणकणीस:

निळाईंनी माझं अर्धं काम केलं. तोंड न उघडणं, गिळायला त्रास, मान किंवा पोट ताठ होणं, आणि गेल्या तीन आठवड्यांत कुठे काही लागलेलं असणं, हे जुळलं की थेट मोठ्या इस्पितळात जावं. जखमेपासून लक्षणांपर्यंत साधारण ३ ते २१ दिवस जातात, बहुतेकदा आठवडाभर. काही रुग्णांत तर जखम सापडतच नाही, इतकी क्षुल्लक असते.

हे विष मज्जातंतूंमधून वर चढतं आणि स्नायूला ‘सैल हो’ सांगणारा निरोप अडवतं. एकदा ते मज्जातंतूत शिरलं की बाहेर काढायचं औषध नाही. नवीन जोडण्या फुटेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून इतके महिने. जिथे अतिदक्षतेची सोय नाही तिथे बहुतेक रुग्ण दगावतात, आणि चांगली सोय असतानाही काही जण जातातच.

आता आईंबद्दल. नोंद नाही आणि आठवत नाही, म्हणजे डोस झालेले नाहीत असंच धरायचं. जखम नसताना जायचं, हीच तर योग्य वेळ. आज पहिला डोस, किमान चार आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांनी पुढे किमान एकेका वर्षाच्या अंतराने आणखी दोन घ्यावेत, एकूण पाच. मध्ये खंड पडला, दुसरा डोस चार आठवड्यांऐवजी वर्षाने झाला, तरी पहिल्यापासून सुरू करायचं नाही. राहिलेला पुढे घ्यायचा.

मधुमेह असेल तर हे आणखी निकडीचं. पायाला लागलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही.

चौकट:

एक शंका, वाद घालायचा म्हणून नाही. कुणी म्हणतं दर दहा वर्षांनी, कुणी म्हणतं पाच डोस झाले की आयुष्यभर नको. माझा भाऊ अमेरिकेत आहे, त्याला दर दहा वर्षांनी सांगतात. मैत्रीण इंग्लंडमध्ये आहे, तिला सांगितलं की तुझे पाच झालेत, आता बास. रोग एकच, मग नियम दोन कसे?

पाणकणीस:

शंका अगदी रास्त आहे, आणि नियम दोनाहून जास्त आहेत. अमेरिका आणि जर्मनी दर दहा वर्षांनी सांगतात. फ्रान्स वयं ठरवून देतं: २५, ४५, ६५, आणि त्यापुढे दर दहा वर्षांनी. ब्रिटन पाच डोसांवर थांबतं, फक्त काही विशिष्ट जखमांना किंवा वैद्यकीय मदत मिळणार नाही अशा ठिकाणी जाताना दहा वर्षं उलटली असतील तर एक देतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बाळपणापासून सुरू केलं तर एकूण सहा: तान्हेपणी तीन, दुसऱ्या वर्षात एक, ४ ते ७ वर्षांत एक, ९ ते १५ वर्षांत एक.

दहा हा आकडा खबरदारीचा आहे. दहाव्या वर्षी संरक्षण एकदम संपत नाही, ते सावकाश उतरतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ५४६ मोठ्या माणसांची रक्तं तपासली होती, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. धनुर्वाताची प्रतिपिंडं निम्मी व्हायला साधारण १४ वर्षं लागतात असा हिशेब निघाला. नंतर त्याच गटाने ३१ देशांची आकडेवारी ताडून पाहिली. मोठ्यांना ठरावीक काळाने बूस्टर देणाऱ्या आणि न देणाऱ्या देशांत रोगाच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

चौकट:

मग दहा वर्षांनी घेणं वायाच म्हणायचं का?

पाणकणीस:

नाही, आणि इथेच लोक घसरतात. ते देश उत्तर अमेरिका आणि युरोपातले आहेत, तिथे बहुतेकांचा लहानपणचा पाया पूर्ण असतो. गवतफूलच्या आईला किंवा निळाईच्या बाबांना तो निष्कर्ष लावता येणार नाही. ज्याच्याकडे पाच-सहा डोसांची लेखी नोंद आहे त्याने बारा-पंधरा वर्षं झाली म्हणून घाबरू नये, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. तुम्ही राहता तिथलं वेळापत्रक पाळा. नोंद नसेल, आणि माझ्या बहुतेक प्रौढ रुग्णांकडे नसते, तर आधी वर सांगितलेले डोस पूर्ण करून पुढे दहा वर्षांचा नियम धरून चालणं मला सुरक्षित वाटतं.

आणखी एक. बाकीच्या लसींत भोवतालच्या लोकांनी घेतली की आपल्यालाही थोडा आडोसा मिळतो. इथे तसं नाही. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, मातीतून येतो. घरातल्या सगळ्यांचे डोस पूर्ण असले तरी त्याचा आईला काडीचाही उपयोग नाही.

टाचणी:

मी परिचारिका आहे, टोचण्याच्या टेबलावरून काही गोष्टी सांगते.

आधीची साधी टीटी आता बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, टीडी मिळते. घाबरू नका, त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही थोडा अंश असतो. घटसर्पाची प्रतिकारशक्तीही मोठेपणी उतरते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना १९९८ पासून हा बदल करायला सांगतेय. डांग्या खोकल्याचा अंश असलेली तिसरी लसही असते.

दंडावर घ्या, कमरेवर मागू नका. बायका संकोचाने कमरेवर मागतात, पण दंडाच्या स्नायूतच ती नीट लागू पडते. एक-दोन दिवस दंड दुखतो, बारीक ताप येतो, ते चालतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आम्ही जागा जास्त वेळ दाबून धरतो.

२४ तास उलटले म्हणून लोक येतच नाहीत, ते मात्र चूक आहे. लवकर यावं हे खरं, पण तीन दिवस झाले तरी या. पाचवा दिवस असला तरी या.

आणि लस वेगळी, इम्युनोग्लोब्युलिन वेगळं. लस शरीराला शिकवते, त्याला दिवस लागतात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं, ती लगेच कामाला लागतात पण काही आठवड्यांत संपतात. ज्याचे तीन डोस झालेले नाहीत किंवा माहीत नाहीत आणि जखम खोल किंवा मातीची आहे, त्याला दोन्ही लागतात, वेगवेगळ्या जागी टोचून. डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं सांगितली तर ‘एकच द्या’ म्हणून वाद घालू नका.

कुत्रं चावलं तर धनुर्वाताच्या इंजेक्शनने रेबीज टळत नाही. एक टीटी घेऊन निश्चिंत झालेली माणसं मी पाहिलीत, म्हणून कळकळीने सांगते. रेबीजची लस पूर्ण वेगळी आहे आणि तीही लगेच सुरू करावी लागते.

ऋतुगंध:

टाचणीताई, मी पाच महिन्यांची गरोदर आहे. मागच्या खेपेला दोन डोस झाले होते, चार वर्षांपूर्वी. आता पुन्हा?

टाचणी:

अभिनंदन! गरोदरपणातला डोस बाळासाठीही असतो. तुमची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि नाळेच्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वातापासून त्याला वाचवतात. किती आणि कोणत्या आठवड्यात, ते आधीच्या डोसांवर आणि तुमच्या देशाच्या वेळापत्रकावर ठरतं. मागच्या खेपेची नोंद घेऊन पुढच्याच तपासणीला विचारा, थांबू नका.

आडोसा:

लोक म्हणतात, काही लागलं की बघू, त्यांच्यासाठी एक आठवण. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात धनुर्वाताचे १०६ रुग्ण आढळले, त्यातले २० दगावले. पत्रे आणि लाकडं लागून झालेल्या जखमा, त्यात चिखल, आणि दवाखानेच वाहून गेलेले. लागल्यावर घेऊ म्हणायला लस जवळ असावी लागते.

रानवाटा:

माझ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. सूज कशी होती, किती तासांत आली, सगळं विचारलं. आर्थसच असावी असं त्यांचंही मत पडलं. त्यांनी एका कागदावर तारीख घालून लिहून दिलं की अमुक सालापर्यंत धनुर्वाताचा डोस देऊ नये, आणि तो पाकिटात ठेवायला सांगितला. कारखान्यातल्या चौघांनाही हा धागा वाचायला दिला. त्यातल्या एकाला लहानपणचं काहीच आठवत नाही, त्याचा पहिला डोस परवा झाला. दुसऱ्यासाठी त्याला मीच घेऊन जाणार आहे. आता जखम झाली की आधी नळाखाली धरायची, एवढं आम्ही कामाच्या जागी ठरवलंय. साबण तिथेच ठेवलाय.

गवतफूल:

सगळ्यांचे मनापासून आभार. निळाई, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, कधी जायचं?

तिचा पहिला डोस त्याच आठवड्यात झाला, काल दुसरा. दंड दुखतोय, बाकी ठीक आहे. माझं म्हणाल तर माझ्या आईनेच जुन्या ट्रंकेतून माझं शाळेतलं आरोग्यपत्रक शोधून काढलं. शाळेतले डोस त्यात आहेत, तान्हेपणचे नाहीत. पाणकणीस, यावर आणखी काही करायला हवं का?

पाणकणीस:

शाळेतले किती आहेत?

गवतफूल:

तारखेसकट दोन. आणि दोन वर्षांपूर्वीचा एक, आणि आताचा.

पाणकणीस:

म्हणजे लेखी किंवा नक्की माहीत असलेले चार. तान्हेपणचे सोडून दिले तरी तुमचा पाया पूर्ण आहे. पुढची दहा वर्षं साध्या जखमेला काही लागणार नाही. खोल, मातीच्या जखमेला पाच वर्षांनंतर विचार करायचा. आईंचा तिसरा सहा महिन्यांनी, विसरू नका.

गवतफूल:

नाही विसरणार. तिची तारीख आणि माझी, दोन्ही मुलांच्याच कार्डांच्या मागे लिहून ठेवल्यात.